बारोलोचा रंग फिका, म्हणून वाइन हलकी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जगातील नामवंत रेड वाइनविषयी प्रसिद्ध झालेल्या लेखात इटलीतील बारोलोच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला आहे. ही वाइन किमतीच्या मानाने फिकी दिसते, तोंडात विनाकारण तुरट लागते आणि तिचा भाव मुख्यतः नावावर चालतो, असा त्या परिच्छेदाचा मथितार्थ. आणि शेवटी, परीक्षेचा निकाल लावावा तसे, शंभरपैकी गुण. रंग आणि तुरटपणा यांविषयीचे निरीक्षण खरे आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. भावाविषयी लेखकाने म्हटले आहे त्यात तथ्य आहे, मात्र ते कोणत्या नावामुळे आणि कसे, हे सांगायला हवे होते. बारोलो ही ज्या टेकड्यांवर पिकते त्या टेकड्या बाजूला ठेवून तिची चव सांगता येत नाही, आणि लेखात नेमके तेच झाले आहे. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

रंगापासून सुरुवात करतो. बारोलो केवळ नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून करावी लागते. तिच्यात दुसऱ्या कोणत्याही द्राक्षाचा थेंब मिसळण्याची परवानगी नाही. रेड वाइनला रंग येतो तो द्राक्षाच्या सालीतल्या रंगद्रव्यांमुळे. कॅबरने सोव्हिन्यॉं किंवा सिरा यांसारख्या गडद वाइनमध्ये माल्व्हिडिन या तुलनेने टिकाऊ रंगद्रव्याचा वाटा मोठा असतो. नेब्बिओलोच्या सालीत मात्र पिओनिडिन आणि सायनिडिन यांचे प्रमाण जास्त असते आणि ही द्रव्ये हवेच्या संपर्कात लवकर विरतात. त्यामुळे चांगल्या बारोलोचा पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला, तर मध्यभागी डाळिंबी लाल, त्याभोवती पातळ होत जाणारा रंग आणि कडेला विटकरी-नारिंगी झाक दिसते. पेल्याखालच्या कागदावरची अक्षरेही पुष्कळदा वाचता येतात. इतर वाइनमध्ये अशी कड दिसली तर वय झाले असे समजायचे, येथे ती चार-पाच वर्षांच्या बाटलीतही दिसते. उलट बारोलो शाईसारखी काळीभोर दिसली, तर ती बनवणाऱ्या कर्त्याने तळघरात काय केले असावे याची शंका जाणकाराला येते. आपल्या लेखकाने ज्याला उणीव म्हटले, ती या द्राक्षाची ओळख आहे.

याच द्राक्षात दुसरा एक विरोधाभास आहे, आणि माझ्या मते बारोलोची सारी गंमत त्यात आहे. रंग असा अशक्त, पण टॅनिन आणि आम्लता मात्र बहुतेक रेड वाइनना मागे टाकणारी. टॅनिन सालीत आणि बियांत असते. वाइनचा घोट तोंडात आला की ते लाळेतल्या प्रथिनांना धरते, प्रथिने साकळतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि हिरड्या कोरड्या पडल्यासारख्या वाटतात. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाने जिभेचे जे होते तेच. म्हणजे तुरटपणा ही चवीपेक्षा स्पर्शाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच तो किती आहे यापेक्षा कसा आहे हे विचारायला हवे. कच्च्या द्राक्षाचा तुरटपणा खरखरीत असतो आणि हिरड्यांच्या पुढच्या भागात टोचत राहतो. पिकलेल्या नेब्बिओलोचा तुरटपणा दाट असला तरी बारीक दाण्याचा असतो, संपूर्ण तोंडभर सारखा पसरतो आणि त्याच्या मागून फळाची गोडसर चव परत वर येते. ही चव परत येते की नाही, हे घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर अर्धा मिनिट शांत थांबल्याशिवाय कळत नाही. लेखकाने ही वाइन उघडली कधी आणि किती वेळात निकाल दिला, याचा लेखात उल्लेख नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो.

कारण बारोलोच्या बाबतीत वेळ ही हौशी लोकांची चैन नव्हे, तो कायदा आहे. इटलीच्या नियमांनुसार बारोलोला १९६६ मध्ये डीओसी, म्हणजे उगमस्थानाची आणि पद्धतीची कायदेशीर हमी देणारा दर्जा, आणि १९८० मध्ये त्याहून वरचा डीओसीजी हा दर्जा मिळाला. काढणीच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून मोजून किमान ३८ महिने ही वाइन मुरवावी लागते आणि त्यांतले किमान १८ महिने ती लाकडी पिंपात असावी लागते. ‘रिझेर्व्हा’ असे लिहायचे असेल तर ६२ महिने. म्हणजे २०१६ च्या हंगामाची साधी बारोलो १ जानेवारी २०२० पूर्वी आणि रिझेर्व्हा १ जानेवारी २०२२ पूर्वी बाजारात येऊच शकत नव्हती. शेजारच्या बार्बारेस्कोला, जी त्याच द्राक्षापासून होते, २६ महिने पुरतात. हे आकडे कोणी कागदावर सहज लिहिलेले नाहीत. टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे व्हायला, आणि पुढे त्यांतले काही बाटलीच्या तळाशी साका होऊन बसायला जो काळ लागतो, त्याची ती सरकारी नोंद आहे. नियमाने ठरवलेली मुदतही किमानच आहे. चांगल्या हंगामाची बाटली दहा वर्षांनी बोलू लागते आणि वीस-तीस वर्षे टिकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

आता त्या टेकड्यांकडे वळतो. उत्तर-पश्चिम इटलीच्या पिएमोंते प्रांतात, आल्बा या गावाच्या नैर्ऋत्येला लांगे नावाच्या टेकड्यांची रांग आहे. पश्चिमेला आणि उत्तरेला दूरवर आल्प्स पर्वताची कमान, मधून ‘तानारो’ नदी, आणि टेकड्यांच्या माथ्यांवर एकेक गाव, एकेक किल्ला. युनेस्कोने २०१४ मध्ये लांगे, रोएरो आणि मोंफेर्रातो येथील द्राक्षबागांच्या या भूदृश्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. यांपैकी अकरा गावांच्या हद्दीतच बारोलो पिकवता येते: बारोलो, कास्तिल्योने फालेत्तो आणि सेरालुंगा द'आल्बा ही संपूर्ण, आणि ला मोर्रा, मोंफोर्ते द'आल्बा, वेर्दुनो, नोव्हेल्लो, ग्रिंझाने काव्हूर, दिआनो द'आल्बा, केरास्को व रोद्दी यांचा काही भाग. सारे मिळून लागवड दोन हजार हेक्टरांहून थोडी अधिक. जगभर गाजणाऱ्या नावाच्या मानाने हा पसारा फारच लहान आहे, आणि तोही असंख्य कुटुंबांत तुकड्यातुकड्यांनी वाटला गेलेला.

शिवाय या हद्दीतही वाटेल तिथे वेल लावून चालत नाही. नेब्बिओलोचे डोळे वसंतात सर्वांत आधी फुटतात आणि फळ सर्वांच्या शेवटी पिकते. काढणी परंपरेने ऑक्टोबरात. एवढा लांब हंगाम या द्राक्षाला उन्हाशिवाय झेपत नाही, म्हणून दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड असलेला उतार त्याच्यासाठी राखून ठेवतात. नियमावलीत समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटर ही उंचीची मर्यादा आहे. दरीचा सपाट, ओलसर तळ आणि थेट उत्तरेकडचे उतार वर्ज्य आहेत. नियम लिहिले जाण्यापूर्वी शेतकरी हे बर्फावरून ठरवत असत: हिवाळ्यात ज्या उतारावरचा बर्फ आधी वितळतो, तिथे नेब्बिओलो. लवकर पिकणारे दोल्चेत्तो हे द्राक्ष थंड, उंच जागी भागवून घेते, बार्बेराला त्यातली त्यात बरी जागा मिळते, आणि उत्तरेकडच्या उतारांवर व खालच्या पट्ट्यात हेझलनटची झाडे असतात. कोणत्या उतारावर काय लावले आहे एवढे पाहिले तरी त्या भागातल्या माणसांनी ऊन किती काटेकोरपणे वाटून घेतले आहे हे दिसते.

मातीविषयी लिहिल्याशिवाय मात्र हे सगळे अपुरे राहील. साधारण सत्तर लाख ते दीड कोटी वर्षांपूर्वी हा भाग समुद्राचा तळ होता. त्या गाळापासून झालेली चुनखडीयुक्त चिकणमाती, जिला मार्ल म्हणतात, सगळीकडे आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. आल्बाहून बारोलोकडे जाणारा रस्ता ही जुन्या लोकांनी मानलेली ढोबळ सीमा. तिच्या पश्चिमेला, म्हणजे ला मोर्रा आणि बारोलो गावांच्या बऱ्याच भागात, भूशास्त्रात ज्याला टोर्टोनियन म्हणतात त्या काळातली निळसर-करडी, मऊ, तुलनेने सुपीक मार्ल आहे. पूर्वेला सेरालुंगा आणि मोंफोर्तेकडे तिच्याहून जुनी, अधिक फिकट, वालुकाश्माचे थर असलेली आणि चुना जास्त असलेली माती आहे. सेरालुंगाच्या बागेत काढणीच्या दिवसांत उभे राहिले, तर वेलीच्या ओळींमधले ढेकूळ हातात घेऊन बघावे: बाहेरून ते दगडासारखे दिसते, अंगठ्याने दाबले की पापुद्रे सुटतात आणि बोटांवर पांढरट पीठ राहते. त्यावर रात्री पाऊस पडला की तीच माती बुटांना अशी चिकटते, की उतारावर दहा पावले चालणे कठीण होते, आणि दोन दिवसांच्या उन्हात ती पुन्हा कडक होते. वेलीला येथे काही सुखासुखी मिळत नाही. मुळे खोल जातात, मणी लहान राहतात.

पेल्यात हा फरक उतरतो. ला मोर्राची बारोलो तरुणपणीही बोलकी असते: गुलाब आणि व्हायलेटच्या फुलांचा वास पुढे, लाल चेरीची चव, टॅनिन लवकर नरमणारे. सेरालुंगाची मात्र आधी गप्प असते. तिच्यात फळ गडद, वासात लोखंडाची, ज्येष्ठमधाची आणि ओल्या दगडाची आठवण, आणि टॅनिनची भिंत अशी, की पहिल्या घोटाला ती माणसाला बाहेरच उभे करते. कास्तिल्योने फालेत्तो दोहोंच्या मध्ये, आणि तिथल्या वाइनमध्ये दोन्हीकडचे गुण सापडतात असे सर्वसाधारण मत आहे. बारोलो गावाजवळच्या कान्नुबी या छोट्या टेकडीवर दोन्ही प्रकारच्या माती एकत्र येतात. तिचे नाव या साऱ्या प्रदेशाच्या नावाहून आधी बाटलीवर आले असे सांगतात, कारण कान्नुबी आणि १७५२ हे वर्ष लिहिलेली एक बाटली आजही जपून ठेवलेली आहे. अर्थात ही विभागणी कोणी सूत्रासारखी पाठ करू नये. सेरालुंगाच्याच उत्तर टोकाकडची वाइन दक्षिणेकडच्या मानाने सौम्य मानली जाते, आणि एकाच टेकडीच्या दोन कुशींमध्ये काढणीला काही दिवसांचे अंतर पडते.

म्हणूनच बारोलोची चव घ्यायची असेल तर एकच बाटली उघडून तिला गुण देण्यापेक्षा एकाच हंगामाच्या, पण दोन गावांच्या दोन बाटल्या शेजारी ठेवाव्यात. पेला मोठ्या पोटाचा हवा आणि एक तृतीयांशाहून कमी भरलेला. तापमान १६ ते १८ अंश सेल्सियस. त्याहून गार असेल तर टॅनिन टोकदार होते आणि वास दबतो, गरम असेल तर अल्कोहोल नाकात चढते. या वाइनमध्ये अल्कोहोल नियमानेच किमान १३ टक्के असते आणि आजकाल १४ ते साडेचौदा सर्रास असते, त्यामुळे ही काळजी गरजेची. तरुण बाटली दोन-तीन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद पोटाच्या काचेच्या भांड्यात, ओतून ठेवावी. जुन्या बाटलीचे उलट आहे: ती आदल्या दिवसापासून उभी ठेवावी म्हणजे साका तळाशी बसतो, मग हलक्या हाताने ओतावी, आणि जास्त हवा लागू देऊ नये, कारण तीस वर्षे जपलेला वास अर्ध्या तासात उडून गेल्याचे अनेकांनी अनुभवले आहे.

पहिला वास पेला न हलवता घ्यावा, दुसरा हलवून. बारोलोच्या वासाचे वर्णन करताना गुलाब आणि डांबर ही जोडी इतक्या वेळा वापरली गेली आहे, की वाचणाऱ्याला ती पोपटपंची वाटावी. परंतु ती खरी आहे. सुकत आलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांचा वास आणि त्याच्या पाठीमागे ताज्या डांबरी रस्त्याचा धुरकट कडवटपणा, असे ते एकत्र येते. वय वाढले की फुले मागे जातात आणि वाळलेली पाने, तंबाखू, चामडे, ओली माती आणि कधी कधी आल्बाच्या प्रसिद्ध पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीचा, वास येऊ लागतो. घोट तोंडात फिरवून मग थोडी हवा आत ओढावी. आम्लतेने तोंडाला पाणी सुटते, टॅनिन हिरड्यांना जाणवते. आणि दोन्हीकडे लक्ष गेल्यावर मधली चव किती वेळ उरते ते पाहावे. अनेक नमुने चाखायचे असतील तर थुंकावेच. त्यात अपमान कोणाचाच नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या पेल्यानंतर शुद्धीत दिलेल्या मताला किंमत असते.

शेवटचा प्रयोग जेवणाबरोबर करावा, आणि आपल्या लेखातील ‘अकारण तुरट’ या शब्दांचे उत्तर मला वाटते तिथेच मिळेल. पिएमोंतेच्या घरांत बारोलो एकटी पीत बसण्याची वाइन नाही. तिच्यातच तासन्‌तास शिजवलेले बैलाचे मांस, म्हणजे ब्राझातो. अंड्याच्या भरपूर बलकात मळलेल्या ताजारिन या बारीक शेवया, लोण्याबरोबर. कास्तेल्माञ्यो हे डोंगरातले भुसभुशीत चीज. मांसातली आणि चीजमधली प्रथिने टॅनिनला धरायला लाळेआधी पुढे येतात, तोंडातला रखरखीतपणा ओसरतो, आणि तेच टॅनिन लोणी आणि चरबीचा थर जिभेवरून पुसून काढते. पुढचा घास आणि पुढचा घोट दोन्ही ताजे लागतात. रिकाम्या पोटी, गार, बूच काढताक्षणी चाखलेली तरुण बारोलो आणि ही वाइन, बाटली एक असली तरी वेगळ्या ठरतात.

इतिहासाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात दंतकथा फार आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्यासारखी कोरडी, मुरलेली बारोलो घडू लागली. त्यात फ्रान्समध्ये जन्मलेल्या बारोलोच्या मार्केझा (उमरावपत्नी) जुलिया फालेत्ती यांचा आणि १८३२ ते १८४९ या काळात ग्रिंझानेचे महापौर असलेल्या कामिल्लो काव्हूर यांचा, म्हणजे पुढे इटलीच्या एकीकरणात अग्रभागी असलेल्या त्याच काव्हूरांचा, वाटा होता. सव्हॉय राजघराण्याला ही वाइन आवडली, त्याच घराण्याचे राजे व्हित्तोरिओ एमानुएले दुसरे यांनी सेरालुंगाजवळची फोंतानाफ्रेद्दा ही जहागीर घेतली, आणि ‘राजांची वाइन, वाइनचा राजा’ हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक माहितीपत्रकावर चिकटले. मला ते वाक्य आवडत नाही. त्यात राजे आहेत, पण छाटणी करणारा, काड्या बांधणारा, जास्तीचे घड काढून विरळणी करणारा आणि सप्टेंबरच्या आभाळाकडे गारपिटीच्या भीतीने बघणारा माणूस नाही. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हाच माणूस टेकड्या सोडून तोरिनोच्या मोटार कारखान्यात किंवा आल्बाच्या चॉकलेट कारखान्यात निघून गेला होता, इतकी ती शेती तोट्याची होती, हे राजांच्या गोष्टीत कुठे येत नाही.

परिस्थिती बदलली ती बागांच्या नावांमुळे. पूर्वी व्यापारी निरनिराळ्या गावांची द्राक्षे विकत घेऊन एकत्र करीत. १९६१ च्या हंगामापासून काही जणांनी एकाच बागेची वाइन तिच्या नावाने वेगळी भरायला सुरुवात केली, आणि तिथलेच एक कर्ते रेनातो रात्ती यांनी १९७० च्या दशकात बारोलोच्या उत्तम जागांचा नकाशा काढला. आज २०१० पासून अमलात आलेल्या अधिकृत यादीत गावे धरून १८१ नावे आहेत: ब्रुनाते, चेरेक्विओ, मोनव्हिल्येरो, रोक्के दी कास्तिल्योने, व्हिन्या रिओंदा, लाझ्झारितो, राव्हेरा. नकाशा समोर ठेवून बाटली वाचण्याचा आनंद मोठा आहे, हे मी मान्य करतो. पण भावाविषयीच्या आपल्या लेखकाच्या तक्रारीत जे तथ्य आहे, तेही इथेच आहे. या यादीने जागांची हद्द ठरवली, प्रतवारी ठरवली नाही. मोंफोर्तेतील बुस्सिया हे एकच नाव सुमारे तीनशे हेक्टरांवर पसरले आहे आणि त्यात वेगवेगळ्या उंचीचे, वेगवेगळ्या तोंडाचे उतार आहेत. हद्दी आखताना शेजारच्या साध्या तुकड्यांनाही मोठे नाव मिळाले, आणि ते नाव छापले की भाव चढतो. बाटलीवर बागेच्या नावाबरोबर ‘व्हिन्या’ हा शब्द असेल तर हेक्टरी उत्पादनाची मर्यादा ८ टनांवरून ७.२ टनांवर येते. एवढाच काय तो जास्तीचा भरवसा. त्यामुळे नावाला पैसे मोजण्याआधी कर्ता कोण आहे हे पाहावे. आणि ज्याला बारोलोचा भाव परवडत नाही त्याने त्याच कर्त्याची लांगे नेब्बिओलो घ्यावी. पुष्कळदा ती बारोलोच्याच बागेतल्या तरुण वेलींची असते आणि बारोलोच्या निम्म्याहून कमी युरोत मिळते. आपल्या लेखात तिचा उल्लेख असता तर वाचकांचा प्रत्यक्ष फायदा झाला असता.

तळघरातल्या वादाचाही लेखात मागमूस नाही. जुनी पद्धत अशी: द्राक्षे आंबत असताना वर तरंगून येणारा सालींचा चोथा फळ्यांनी दाबून बुडवून ठेवायचा, महिनाभर किंवा अधिक काळ तो रसात राहू द्यायचा, आणि मग हजारो लिटरच्या, वर्षानुवर्षे वापरलेल्या स्लाव्होनियन ओकच्या मोठ्या पिंपांत, म्हणजे बोत्तींत, वाइन मुरवायची. १९८० च्या दशकात काही तरुणांनी हे मोडले. फ्रेंच ओकची २२५ लिटरची नवी पिंपे, म्हणजे ‘बारिक’, आणली, चोथ्यावरचा काळ काही दिवसांवर आणला, बागेत विरळणी सुरू केली. एलिओ आल्तारे यांनी तर वडिलांच्या जुन्या बोत्ती करवतीने कापून टाकल्या. समोरच्या बाजूला, जुन्या पद्धतीच्या बार्तोलो मास्कारेल्लो यांनी ‘बारिक नको, (इटलीतले राजकारणी) बर्लुस्कोनी नको’ अशा अर्थाचे, स्वतः हाताने रंगवलेले लेबल बाटलीवर लावले आणि ते जगभर गाजले. आज वादाची धार गेली आहे आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांचे बरेच घेतले आहे. बागेतली शिस्त आणि तळघरातली स्वच्छता ही नव्यांची देणगी, हे जुन्यांनीही मानले. माझा स्वतःचा कल मोठ्या पिंपांकडे आहे, कारण नव्या छोट्या पिंपातून येणारा व्हॅनिलाचा आणि भाजक्या लाकडाचा वास ला मोर्रा आणि सेरालुंगा यांच्यातले अंतरच पुसून टाकतो, आणि ते अंतर पुसले की बारोलोला जगातल्या इतर महाग वाइनपासून वेगळे ठेवणारे फारसे काही उरत नाही. दुसऱ्या कोणाचे मत याहून वेगळे असू शकते; परंतु लेखात दिलेली बाटली कोणत्या पद्धतीची होती हे कळल्याशिवाय तिचे गुण वाचकाने कशाशी ताडून पाहावेत?

हंगामाचेही तसेच. २००२ मध्ये गारपिटीने आणि पावसाने इतके नुकसान झाले की अनेक नामवंत कर्त्यांनी आपली बारोलो भरलीच नाही. तरीही जाकोमो कोन्तेर्नो घराण्याने त्याच वर्षी आपली मोंफोर्तिनो ही रिझेर्व्हा काढली आणि तिचे कौतुक झाले. २००३ आणि २०१७ उष्ण, २०१४ पावसाळी आणि म्हणून हलक्या बांध्याचे, २०१० आणि २०१६ दीर्घ, संथ पिकलेले आणि बरीच वर्षे ठेवण्याजोगे. उन्हाळे तापू लागल्यापासून काही वर्षी काढणी सप्टेंबरातच सुरू होते आणि एके काळी थंड म्हणून मागे पडलेल्या वेर्दुनो, नोव्हेल्लोसारख्या जागांना आज मागणी आहे. ज्या उन्हासाठी दक्षिणेकडचे उतार राखून ठेवले गेले, तेच ऊन आता काही ठिकाणी घड भाजते. अशा वेळी नुसते ‘बारोलो, अमुक गुण’ असे छापण्याने वाचकाच्या हाती काहीच पडत नाही.

माझी विनंती मर्यादित आहे. यापुढे आपल्या पुरवणीत एखाद्या वाइनचे परीक्षण येईल तेव्हा गाव, बाग, कर्ता आणि हंगामाचे वर्ष छापावे, बाटली किती आधी उघडली आणि कशाबरोबर चाखली तेही छापावे, आणि त्यानंतर जागा उरलीच तर गुण द्यावेत. बारोलोच्या त्या परिच्छेदापुरते सांगायचे तर, ‘तीन वर्षे मुरवलेली’ असा जो उल्लेख आहे तो ३८ महिने, त्यांपैकी १८ लाकडात, असा दुरुस्त करून पुढच्या अंकात छापावा. आणि लेखकांना शक्य असेल तर त्यांनी त्याच हंगामाची ला मोर्राची एक आणि सेरालुंगाची एक बाटली दुपारी उघडून रात्रीच्या जेवणाला चाखावी आणि रंगाविषयीचे आपले मत कायम आहे का, ते आपल्या वाचकांना कळवावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक